पेन्सिलने लिहिलेलं टकाचोराचं घरटं

आमच्या पक्ष्यांच्या वहीचा नियम माझाच होता. दोघांनी मिळून पाहिलं तर नोंद शाईने, एकट्याने पाहिलं तर पेन्सिलने. नंतर दोघांनी पाहिलं, की त्यावरून शाई फिरवायची. नवरा हसायचा, पण पाळायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने पेन्सिलने लिहिलं : ‘गिरडचं जंगल. टकाचोर, घरटं, मोहाच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यात.’ टकाचोर कावळ्याच्याच कुळातला, पण अंग तांबूस, डोकं काळपट आणि शेपूट हातभर वाटावी अशी लांब. एरवी कर्कश ओरडतो, मध्येच एखादी गोड शीळ घालतो. उरलेलं खाणं सालीच्या फटीत दडवून ठेवतो. घरटं मात्र असं लपवतो, की आम्हाला इतक्या वर्षांत एकदाही सापडलं नव्हतं.

चल म्हणून तो चार रविवार मागे लागला. माझी यादी तयार होती. गहू उन्हात घालायचे, तिखट कांडून आणायचं, टाकी धुवायची. पुढच्या रविवारी, असं मी चारही वेळा म्हटलं. जूनमध्ये तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

यंदा एप्रिलमध्ये सिंदी मेघेहून पहिल्या बसने जामला उतरले, तिथून गिरड. मोहफुलं वेचणाऱ्या एका गोंड बाईने त्याला घरटं दाखवलं होतं, एवढं ठाऊक होतं. ती भेटली. मी कोण ते सांगितल्यावर हातातली टोपली खाली ठेवून तिने विचारलं,

“तवा काऊन नाई आल्या बाई? गुरुजी दर खेपेले म्हणे, पुढच्या रविवारी आणतो तिले.”

मी कामं होती म्हटलं. कोणती, ते सांगायची लाज वाटली.

तिने मोहाचं ते दुबेळकं दाखवलं. तिथे दोन-चार काटक्या अडकलेल्या होत्या, बाकी काही नाही. यंदाचं घरटं पलीकडच्या झाडावर होतं. ती फुलं वेचायला परत गेली आणि मी तासभर बसून राहिले. नर-मादी सारखेच दिसतात. एक चारा घेऊन यायचा, तो उडाला की दुसरा.

पिशवीत पेन होतं. त्याच्या नोंदीवरून शाई फिरवली असती तर विचारणारं कोणी नव्हतं. पण ते घरटं मी पाहिलं नव्हतं.

त्याच्या ओळीखाली आजचं घरटं लिहिलं. पेन्सिलनेच.