माझ्या पार्किंगमधली माती

सांगलीत आमच्या अपार्टमेंटमध्ये दर फ्लॅटमागे एक पार्किंग मिळतं. माझ्याकडे गाडी नाही. त्यामुळे माझ्या वाट्याच्या जागेत दोडक्याचा वेल आहे, कढीपत्ता आहे आणि खाली मोकळी माती आहे.

तळमजल्यावरच्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी टेंपोएवढी काळी गाडी घेतली आणि बिल्डिंगमध्ये चढाओढच लागली. मग मीटिंग झाली. चिखलाने टायर घाण होतात, सगळ्या आवारात काँक्रीट करायचं, असं ठरलं. टायर चिखलासाठीच असतात, पाणी मुरायला माती लागते, माझ्या जागेला हात लावायचा नाही, असं मी सांगितलं. सगळे हसले.

माझं माहेर आटपाडीकडचं. पावसाचं पाणी शेताबाहेर गेलं तर माझ्या वडिलांना जेवण जात नसे. इथे कृष्णा जवळ, म्हणून कुणाला पाण्याचं काही वाटत नाही. पण उन्हाळ्यात आमच्या बोअरला नुसती हवा येते, टँकर मागवावा लागतो आणि त्या टँकरच्या पाण्याने हे लोक गाड्या धुतात. माझं डोकंच फिरतं.

काँक्रीटवाले आले त्या दिवशी मी माझ्या जागेत खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसले. मला उचलायची कुणाची छाती झाली नाही. माझ्या चारी बाजूंनी काँक्रीट पडलं. सेक्रेटरींनी पर्यावरण दिनाला फोटो काढून लावलेलं रोपही त्याखाली गेलं. जाता जाता ते म्हणालेच, की काकूंचा मुलगा गाडी घेईल तेव्हा बघू ही माती किती दिवस टिकते.

मुलाने पुण्यात गाडी घेतलीच. दिवाळीला ती घेऊन आला. पांढरी, लांबलचक, वर उघडणारं छप्पर. फाटकात हॉर्न वाजला आणि सगळ्या गॅलऱ्या भरल्या. तो उतरला, पाया पडला आणि वेल काढून टाकूया म्हणाला. नवी कोरी गाडी रस्त्यावर कशी लावायची? मी नाही म्हटलं.

"आई, लोक बघतायत."

"म्हणूनच न्हाई म्हणते. त्यास्नी न्हाई म्हटलं, ते तुला कसं व्हय म्हणू?"

त्याने गाडी रस्त्यावर लावली. फराळाला हात लावला नाही. चार दिवस राहायला आलेलं माझं लेकरू संध्याकाळीच परत गेलं. वाईट वाटलं, फार वाटलं. मी गॅलरीत उभी राहून रडले, आणि कुणापासून लपवलं नाही.

शेजारच्या गॅलरीत सेक्रेटरी होते. म्हणाले, त्यांची दुसरी गाडी येतेय, मुलगा गेलाच आहे, तर आता ती जागा द्यायला काय हरकत आहे?

डोळे न पुसताच मी त्यांच्याकडे वळले.

"पोटच्या पोराला दिली न्हाई. तुमाला व्हय देणार?"