केंब्रिजच्या नदीत तापीकाठचा माणूस

केंब्रिजला निघायच्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी बूट घालायलाच नकार दिला. "माले नही येवानं (मला यायचं नाही). तुम्ही जाई या."

लंडनला लेकीकडे येऊन आम्हाला अठरा दिवस झाले होते. त्या अठरा दिवसांत हे एकटे दाराबाहेर पडले नव्हते. शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावात पहाटेच मळ्यात जाऊन गड्यांना हाका मारणारा हा माणूस इथे खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. इंग्रजी येत नाही, रस्ता कळत नाही आणि दुकानात काही विचारलं तर समोरचा दोनदा "सॉरी?" म्हणतो. आदल्या दिवशी त्यांनी पल्लवीला, म्हणजे आमच्या लेकीला, विचारलं होतं, "मन्हं तिकीट लवकरनं व्हई का (लवकरचं होईल का)?" ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ रडली.

शेवटी सहा वर्षांच्या नातीनं, ईरानं, आजोबांच्या पायात मोजे चढवले आणि आम्ही निघालो. पल्लवी, जावई सचिन, ईरा आणि आम्ही दोघं.

रेल्वेनं तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची शेतं होती. हे काचेला नाक लावून नुसती शेतं बघत बसले. मी मात्र खुशीत होते. रनाळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यात कितीदा या गावाचं नाव फळ्यावर लिहिलं असेल! आता ते फलाटावरच्या पाटीवर समोर होतं.

गाव लहानसं आहे आणि सायकलींनी भरलेलं. गल्लीत वळलं की एकदम किल्ल्यासारखा दरवाजा लागतो, आत चौक, चौकाभोवती जुन्या दगडी खोल्या. असं एकेक कॉलेज. त्यांच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. किती शतकांच्या विद्यार्थ्यांनी झिजवल्या असतील! मी वाकून एका पायरीला हात लावला. पल्लवी लाजून इकडेतिकडे बघू लागली.

एका चौकातली हिरवळ इतकी सुंदर होती की मी तिथेच फतकल मारून डबा उघडला. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), ठेचा आणि तेलात परतलेला कांदा. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच काळा कोट-टोपी घातलेला कॉलेजचा एक उंच रखवालदार समोर उभा राहिला. या हिरवळीवर फक्त प्राध्यापकांनाच पाऊल ठेवता येतं, असं त्यानं फार नम्रपणे सांगितलं.

मी माझ्या इंग्रजीत उत्तर दिलं, "आय ॲम टीचर. थर्टी वन इयर्स."

तो मनापासून हसला, टोपी काढून झुकला आणि म्हणाला, "मॅडम, मग तर तुमच्यासाठी झाडाखालचा बाक आहे." बाकापर्यंत माझा डबा त्यानंच उचलून नेला. ठेच्याचा वास घेऊन हे काय आहे म्हणून विचारलं. बोटाच्या टोकावर दिला, तर बिचाऱ्याचे डोळे भरून आले, पण मान हलवून "व्हेरी गुड" म्हणालाच.

जेवण झाल्यावर नदीवर गेलो. नदीचं नाव कॅम. आमच्या तापीपुढे ही पाटाची चारीच म्हणायची, पण पाणी संथ, काठावर लोंबत्या फांद्यांची झाडं आणि वर दगडी पूल. तिथे सपाट बुडाच्या लांबोळक्या होड्या मिळतात. मागच्या टोकावर उभं राहून एका लांबलचक काठीनं तळ रेटत त्या चालवायच्या. नावाडी घेता येतो, पण सचिन म्हणाला, "त्यात काय, मी चालवतो." तो पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. नदी त्यानं पुलावरूनच पाहिलेली.

पहिल्या पुलापर्यंत आम्ही वेडेवाकडे का होईना, पोचलो. तिथे काठी गाळात रुतली. सचिन ती उपटायला गेला, होडी पुढे सरकली आणि क्षणभर तो धनुष्यासारखा वाकला. मग त्यानं काठी सोडली. काठी नदीत उभी आणि आम्ही वाहत पुलाखाली आडवे! समोरून प्रवाशांनी भरलेली मोठी होडी येत होती. तिची नावाडीण, तरणी पोर, ओरडून काहीतरी सांगू लागली. होडी कमानीच्या दगडावर धडकली. ईरा किंचाळून रडायला लागली.

तेवढ्यात माझ्या शेजारी बूट काढल्याचा आवाज झाला.

"जवाईबापू, तुम्ही बठा. मी दखस (मी बघतो)."

ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. होडीतलं लहान वल्हं घेऊन चार हात मारले, काठीजवळ गेले आणि ती पीळ देऊन अलगद उपटली. मग मागच्या फळीवर उभे राहिले. काठी तळहातांतून सरसर खाली सोडली. तळ लागला तसा एकच रेटा. होडी सरळ झाली आणि मोठ्या होडीच्या अंगाला न लागता, वीतभर अंतर ठेवून, कमानीतून बाहेर पडली.

मी आ वासून बघत होते. पूल व्हायच्या आधी सासऱ्यांची निम्मी जमीन तापीच्या पलीकडे होती, हे मला ठाऊक होतं. आठवी नापास झाल्यावर ह्यांनीच नाव चालवली, निंदणीच्या बाया आणि कापसाची गाठोडी पार केली, हेही ऐकून होते. पण माझं लग्न झालं तोवर ती नाव विकली गेली होती. तेहतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. पाठ ताठ, नजर पाण्यावर, आणि चेहरा वीस वर्षांच्या तरुणाचा.

पुढे एक म्हातारं जोडपं झाडाच्या फांद्यांत अडकलं होतं. ह्यांनी आपली होडी त्यांच्याजवळ लावली, त्यांची होडी पायानं रेटून मोकळी केली आणि म्हाताऱ्याला अहिराणीतच सांगितलं, "काठी धरी नका ठेवू, सोडा, सोडा!" हातानं करून दाखवलं. म्हाताऱ्यानं तसं केलं आणि त्याची होडी सरळ चालली. पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ईरा उभी राहून ओरडली, "दॅट्स माय आजोबा!"

परत येताना दोन होड्यांमधल्या अरुंद जागेत ह्यांनी होडी अशी लावली की काठाला धक्कासुद्धा बसला नाही. मघाची नावाडीण तिथेच उभी होती. तिनं विचारलं, "किती वर्षं करताय हे?"

पल्लवीनं मराठीत सांगितल्यावर हे म्हणाले, "सांग तिले, चाळीस वरीसनंतर आज हात लाया."

मुलीनं कपाळावर हात मारला. "उद्यापासून आमच्याकडे कामाला येता का?"

"मन्ही केळी कटाईले येल शे (कापणीला आली आहे). टाईम नही!"

पल्लवीला हसता हसता ते इंग्रजीत सांगणंच जमेना. परतीच्या गाडीत सचिन सासऱ्यांसमोर बसून काठीला पीळ कसा द्यायचा ते छत्रीवर शिकत होता. डब्यातले लोक बघत होते. तिकीट बदलायचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी हे एकटेच बाहेर पडले आणि कोथिंबीर घेऊन आले. कोणत्या भाषेत मागितली, ते मी विचारलं नाही.

महिन्याभरानं गावी परतलो. संध्याकाळी अंगणात माणसं जमली आणि तिकडच्या गोष्टी निघाल्या. ह्यांनी होडीची हकिगत सांगितल्यावर एक दीर हसून म्हणाले, "फेकी ऱ्हायना दादा (थापा मारतोय)!" सगळे हसले. हेही त्यांच्यात हसले.

जन्मभर मी पोरांना सांगत आले की शिकलेला माणूस कुठेही उभा राहू शकतो. नदीनं शिकवलेल्याला मात्र मी त्यात कधी धरलं नव्हतं. एवढ्या माणसांत मी कधी अहिराणी बोलत नाही. त्या दिवशी ओसरीवरून उठून पुढे झाले.

"खरं शे," मी म्हणाले. "मी त्या होडीमा बठेल व्हतू."