पिना मारलेलं पुस्तक

"लग्नाची पत्रिका आहे की दहाव्याची?"

वाचनालयाच्या अध्यक्षांनी पुस्तक दोन बोटांत उचललं आणि भरल्या बैठकीत मला विचारलं. सगळे खो खो हसले. मी पण हसलो. ते हसणं आठवलं की आजबी अंगाची आग होती.

पत्रिका न्हवती ती. बत्तीस पानांचं पुस्तक होतं, मधोमध दोन पिना मारलेलं. सेलूत भाड्याच्या एका खोलीत माझी पायानं चालवायची ट्रेडल मशीन. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून मी स्वतः छापलेलं. लिहिणारी गयाक्का, आमच्याच वस्तीतली. जिनिंगमधे कापसातली घाण वेचायची. नामांतराच्या दंगलीत तिचं घर जाळलं, तवा दोन पोरी घेऊन जिंतूरकडून पायी सेलूला आलेली. धाकली वाटंतच गेली. पुढं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती अक्षरं शिकली आणि पहिलं काय लिहिलं असंल, तर ती वाट. वही वाचून मला दोन दिवस घास गोड लागला न्हाई.

वाचनालयानं जाहीर केलतं, जिल्ह्यातल्या उत्तम नव्या पुस्तकाचा सत्कार करणार. मला वाटलं, याच्याहून उत्तम कोणतं असणार? घेऊन गेलो. लय भाबडा होतो.

"सर, वाचून तर बघा," मी म्हणलो.

"बाइंडिंग नाही ते आम्ही पुस्तक धरत नाही. कपाटात उभं तरी राहायला हवं. पुण्यामुंबईची पुस्तकं बघ जरा."

एक पान उलटलं न्हाई त्यांनी. जातीचा शब्दबी काढला न्हाई. लिहिणारीचं आडनाव वाचून चष्मा नुसता वर केला. सगळ्यांना कळलं.

आता माझी खरी लाज ऐका. मला राग यायला पाहिजे होता. न्हाई आला. माझ्या पिनांचीच शरम वाटली. प्रेसवर येऊन मी जाड निळे पुठ्ठे काढले, रजिस्टरांच्या कामातून उरलेले. पुस्तकाहून ते बोटभर अरुंद होते. कागद वाचवायचा म्हणून समास मी आधीच चिंचोळा ठेवलता. तरी सहा प्रती कागद कापायच्या पात्याखाली घातल्या. खच्. उजव्या पानांवरच्या ओळींचे शेवटचे शब्द गेले, डाव्या पानांवरचे पहिले. दिसलं मला. या डोळ्यांनी दिसलं! म्हणलं, जाऊ दे, कोण बघतंय. पाठीला कापड लावलं, सोनेरी शाईत नाव टाकलं, पाच प्रती वाचनालयात नेऊन दिल्या.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांचं बोलावणं आलं. टेबलावर पाचही प्रती तशाच्या तशा. खळीनं चिकटलेलं पहिलं पानसुद्धा कुणी सुटं केलं न्हवतं.

"सत्कार दुसऱ्या पुस्तकाचा ठरला. पण तुझा हात चांगला आहे रे. आमची जुनी पुस्तकं फाटलीत, तेवढी बांधून दे."

"व्हय सर," मी म्हणलो. म्हणलो ना मी! गोणीभर पुस्तकं डोक्यावर घेतली आणि खुशीत निघालो. हात चांगला हाय म्हणले होते.

गयाक्का प्रेसच्या दारात बसलेली. सहावी प्रत तिच्या हातात दिली. निळा पुठ्ठा बघून ती हरखली. पदराला हात पुसले, ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. बोट कडेला आलं आणि थांबलं. तिनं पान उलटून बघितलं, राहिलेलं तिकडं गेलं का म्हणून. पुन्हा अलीकडं आली.

"हितं सुभीचं नाव होतं," ती म्हणली. "माझ्या धाकलीचं. कुठं गेलं?"

"पुठ्ठा अरुंद होता, अक्का."

"मंग पुठ्ठा टाकून द्यायचा होतास. माझी पोर कामून कापलीस?"

रडली न्हाई ती. बोट कडेवरच ठेवलं तिनं. तिची वही सोडली तर त्या पोरीचं नाव दुसऱ्या कोणत्याच कागदावर न्हवतं. शाळेत न्हाई, दवाखान्यात न्हाई. छापलेलं एका ओळीच्या शेवटाला होतं, आणि ते मी कापलं. कुणासाठी? ज्यांनी पान उलटलं न्हाई त्यांच्या कपाटासाठी.

तशीच गोणी उचलली. वाचनालयात बैठक भरलीच होती; सगळ्यांपुढं अध्यक्षांच्या टेबलावर रिकामी केली. आमच्या पाच प्रती काढून घेतल्या.

"काय झालं रे?" ते म्हणाले.

"बांधणार न्हाई. आधी वाचायला शिका."

बैठकीत कुणी हसलं न्हाई.

तवापासून दर वर्षी प्रेसपुढं सतरंजी टाकून आमीच सत्कार करतो. जिंतूर, परभणी, कुठूनबी, असल्याच एका खोलीच्या प्रेसमधून निघालेली पुस्तकं आणतो. पिना असू देत, दोऱ्यानं शिवलेली असू देत. अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, मंग निवडायचं. ऐकायला जिनिंगच्या बाया येतात, शेरडं-मेंढरं राखणारे येतात, हमाल येतात. भांडणं लय होतात. लोक उठून जातात, परत येतात. पण न वाचता निवडायची सोय न्हाई.

पहिला सत्कार गयाक्काचा. त्यासाठी सगळे खिळे मी नव्यानं जुळवले. समास दोन बोटं सोडला. सुभीचं नाव ओळीच्या शेवटाला ठेवलं न्हाई, मधोमध घेतलं. तिथवर पातं पोचत न्हाई. आणि पोचवायला कुणी आलंच, तर आधी माझा हात कापावा लागंल.