कॉम्प्युटरवरचा कांदा

बेला गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हापासून मुनीमजी त्याला पाहुण्यासारखं जपत. तो तापून मधेच बंद पडला की त्याच्या डब्याला उलटा हात लावत आणि म्हणत, "ऊन लागून राह्यलं बिचाऱ्याले." मग टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे वळे आणि कापूस विकायला आलेले आम्ही घाम पुसत बसू. डब्यावर कायम एक कांदा असे. उन्हात निघताना ऊन लागू नये म्हणून आपण खिशात ठेवतो, तसा.

चैत्रात आदिलाबादहून मेकॅनिक आला. कांदा बघून तो पोट धरून हसला. डबा उघडून त्यानं आतल्या पंख्यात अडकलेला मूठभर कापूस ओढून काढला. "मुनीमजी, पंखाच फिरत नवता. कांदा काय करन?"

मुनीमजींनी तो कापूस बोटांनी ताणून पाहिला. "धागा लांब हाय," एवढंच म्हणाले.

भर दुपारी मेकॅनिकनं मोटारसायकल सुरू केली, तसे मुनीमजी धावत गेले आणि तोच कांदा त्याच्या खिशात कोंबला. "त्याले आता गरज नाई. तुमाले लंबं जाचं हाय."

फाटकापाशी मेकॅनिक थांबला. मला वाटलं, आता कांदा फेकतो.

त्यानं खिशाचं बटण लावलं.