शालिकने दाखवलेली जागा

विश्रामगृहातल्या खाटेवर मी नुसती पाठ टेकली आहे. दुपारचे अडीच वाजलेत. वर पंखा कुरकुरतोय. सोनवड धरणाच्या तपासणीचा अहवाल टेबलावर पडलाय. चहा झाला की सही करायची आणि नागपूरला निघायचं. धरण मातीचं, पूर अडवायला बांधलेलं, साठ वर्षांचं. नऊ वर्षांपूर्वी ते माझ्याच ताब्यात होतं, म्हणून निवृत्तीनंतर तपासणीसाठी मला बोलावलंय. सकाळी मी ते वरूनच पाहिलं, गाडीत बसून. गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि पायथ्याशी उतरलो नाही. गुडघे तेवढे दुखत नाहीत.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज हळूहळू पाण्याचा होतो. खाटेशी कुणीतरी उकिडवं बसलंय. खाकी शर्ट, खांद्यावर दुपट्टा.

"उठता का, साहेब?"

शालिक कोहळे. या धरणाचा चौकीदार. धरणातून झिरपणारं पाणी पायथ्याच्या नालीत उतरतं, ते तो रोज मोजायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसणार नाही.

"तब्येत कशी आहे?" मी विचारतो.

"आता बरी आहे."

तो दार उघडतो. बाहेर व्हरांडा नाही, थेट धरणाचा माथा आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोलवर गाव. धानाची शेतं होती तिथे आता घरं आहेत, शाळा आहे, शाळेच्या आवारात पोरं कवायत करतायत. शालिक त्यांच्याकडे बराच वेळ पाहतो.

"लय वाढलं गाव," तो म्हणतो. मग, नऊ वर्षांपूर्वीच्या त्या जुलैच्या सकाळी म्हणाला होता तसंच, त्याच आवाजात, "साहेब, पानी गढूळ येऊन राह्यलं."

झिरपणारं पाणी नितळ असलं तर भिण्यासारखं काही नसतं. गढूळ असलं, तर ते धरणाच्या पोटातली माती घेऊन येत असतं. शालिक शिकलेला नव्हता, पण हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

त्या सकाळी मी जीपमध्येच होतो. आत्ताही जीपमध्येच आहे. बाहेर पाऊस आहे, शालिक खिडकीशी भिजत उभा आहे.

"खाली येऊन पाह्यता का? दहा मिन्टं लागते."

"तू जा. मी लिहून घेतो," मी म्हणतो. आणि लिहितो : पाणी स्वच्छ. बूट खराब झाले असते. दुसरं कारण नव्हतं.

जीपची सीट लाकडी होते. मी चौकशीच्या खोलीत बसलोय. पाचव्या दिवशी धरणाची कड खचली. ते वाचवायला सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले, खालच्या वस्तीत पाणी शिरलं, एक बाई आणि तिचा म्हातारा सासरा वाहून गेले. मला विचारतात, "चौकीदारानं काही कळवलं होतं?" शालिक समोर उभा आहे. तो माझ्याकडे पाहत नाही, म्हणून मला सोपं जातं.

"नाही," मी म्हणतो. "तसं असतं तर मी लिहिलं असतं."

खोलीत घोट्यापर्यंत पाणी आहे. कुणाच्याच ते लक्षात येत नाही.

मग आम्ही त्याच्या घरात आहोत, चुलीपुढे. इथे मी कधी आलो नव्हतो, तो गेला तेव्हाही नाही. तो तांब्या पुढे करतो. मला तहान लागलीय, पण हात उचलत नाही.

"कामावरून काढलं तवा बायकोले मी सांगतलं होतं," तो म्हणतो, "साहेब घाबरले आहेत. दोन दिसानं खरं सांगतील."

"शालिक..."

"ते वाट पाह्यत होती. रोज विचारे."

मला माफी मागायची आहे. तोंड उघडतो तर जिभेवर माती. तो थांबतो, जसा साहेबाचं बोलणं संपायची वाट पाहणारा माणूस थांबतो. मग उठतो.

"ते राहू द्या आता. चाला, पायऱ्या उतरा."

चुलीमागेच धरणाच्या पायऱ्या आहेत. मी उतरतो. गुडघे अजिबात दुखत नाहीत, आणि त्याचीही लाज वाटते. पायथ्याशी नालीतलं पाणी काचेसारखं नितळ आहे.

"इथं नाई," शालिक म्हणतो. "इथं सारेच पाह्यतात."

तो उजवीकडे चालू लागतो. पाणथळीत माजणाऱ्या बेशरमची झाडी लागते, डोक्याइतकी उंच. तो म्हणतो, "बाजूला करा." मी फांद्या मोडत आत शिरतो. आत, पाण्याच्या डबक्यात, जमिनीतून उसळणाऱ्या पाण्यानं बारीक वाळू उकळतेय. आधणासारखी.

"सर? सर, चहा."

दारात रुचिरा ढोले उभी आहे, इथली सहायक अभियंता. सकाळी पायथ्याशी तीच उतरली होती. "नालीतलं पाणी स्वच्छ आहे सर, मी लिहिलंय. तुमची सही झाली की झालं."

मी पेन घ्यायला हात पुढे करतो. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटलेत. सोडवतो तर मधे पांढरट चिकाचे तंतू ताणले जातात. नखाला लागून हिरवी साल आहे.

ती बघते. "बेशरमचा चीक. कुठे लागला हो? तुम्ही तर खाली..."

"नालीच्या उजवीकडे झाडी आहे," मी म्हणतो. "तिच्यामागे गेली होतीस?"

"नाही सर. तिकडे कुणीच जात नाही."

"कोयता घे. आणि कोरा कागद."

पायऱ्या एकशे अठरा निघतात. मी त्या मोजत, कठड्याला धरत उतरतो. गुडघे खरोखरच दुखतात. रुचिरा पुढे होऊन झाडी तोडते आणि आत वाकते. कोयता थांबतो.

"सर, हे आजचं नाही. धरणाच्या पोटातली माती इथून बाहेर पडतेय. धरणातलं पाणी सोडून कमी करायला लागेल. पावसाच्या आत." ती वळते. "इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. इथल्या चौकीदारानं, पाणी गढूळ येतंय म्हणून. मला. मी 'स्वच्छ' लिहिलं, आणि चौकशीत म्हणालो, त्यानं सांगितलंच नाही."

ती माझ्याकडे पाहते. मी नजर वळवत नाही. मग ती कागद गुडघ्यावर ठेवते.

"नाव काय त्यांचं?"

"शालिक विठोबा कोहळे," मी म्हणतो. "आणि खाली माझं लिही."