राणेसाहेबांचं बुधवारचं कोचिंग

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं लागतात, किश्श्यांना कुणी लावत नाही. ते आपले साठत जातात. परळच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर मी पंधरा वर्षं बसतेय, पण सगळ्यात जास्त माल गेल्या वर्षी जमला. आमचे मॅनेजर राणेसाहेब कोचिंगला जायला लागले ना!

साहेब माणूस सोन्यासारखा, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ऑर्डर सोडणार. वर्षभरात तिघं सोडून गेले. हेड ऑफिसने सरळ सांगितलं, "आणखी एक गेला तर ब्रँच दुसऱ्याकडे!" आणि शिवाजी पार्कच्या देशपांडे मॅडम कोच म्हणून लावून दिल्या. दर बुधवारी एक तास.

*

पहिला धडा: उत्तर देण्याआधी मनात दहापर्यंत मोजायचं.

दुसऱ्याच दिवशी आमचा टेक्निशियन परब सांगायला गेला, "साहेब, फ्रीज बंद पडलाय." साहेब त्याच्याकडे टक लावून गप्प. फक्त ओठ हलतायत.

परब घाबरून बाहेर आला. "गो, साहेब माझ्यार मंत्र टाकतत!"

*

मग मॅडम म्हणाल्या, सल्ला देऊ नका, विचारा, "तुम्हाला काय वाटतं?"

कॉटन ग्रीनचे एक आजोबा काउंटरवर आले. "रिपोर्ट कधी मिळेल?"

साहेब मागेच उभे. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी दुसऱ्या लॅबमध्ये जायला हवं होतं!"

*

पुढचा धडा कौतुकाचा. रोज एकाचं तरी करायचंच. साहेबांनी त्यासाठी डायरी ठेवली.

सकाळी परब दारातून आत येतो न येतो तोच साहेब, "आज अगदी वेळेवर! छान!"

"साहेब, आज माझी सुट्टी आहे. आईचा रिपोर्ट न्यायला आलोय."

साहेबांनी डायरीत टिक मात्र केली.

*

आता गणपतीच्या सुट्टीचं. माझं गावच गिरगाव, त्यामुळे त्या भांडणात मी नसते. पण परब आणि कदमताई दोघंही कोकणातले. कदमताई म्हणजे आमचा सगळ्यात हलका हात, सुई टोचली तरी मूल रडायचं विसरतं.

साहेबांचा नियम होता, एका वेळी एकच जण रजेवर, आणि दिवस चिठ्ठ्या टाकून. सलग दोन वर्षं ताईंना विसर्जनानंतरचे दिवस आले. त्या वर्षी गणपती बसवायची पाळी त्यांच्याच घराची. त्यांनी राजीनामा लिहूनच आणला. "चिठ्ठ्या टाकणार असाल तर हा घ्या."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी देशपांडे मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्ही बाहेर बसा."

साहेब पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?"

"हो. सकाळपासून काही गेलंच नाही." मला खरंच वाईट वाटलं हो त्यांचं.

अर्ध्या तासाने परबने दार उघडलं, हातात रजेचे दिवस लिहिलेला कागद. "साहेब, ठरलं. माझा गणपती दीड दिवसाचा, ताईंचा पाच. आम्ही एकदमच जातो. मोदक खाऊन शुगर तपासायला कोण येतंय! तीन दिवस तुम्ही सुई धरा, तुम्हीही आधी टेक्निशियनच होतात. चौथ्या दिवशी मी हजर, सातव्या दिवशी ताई."

साहेबांनी कागद घेऊन दोनदा वाचला. इतकी वर्षं चिठ्ठ्या टाकल्या, पण कुणाचा गणपती किती दिवसांचा, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"आणि साहेब, तुमचा?" कदमताईंनी विचारलं.

"अकरा. गावी भाऊ बसवतो. मला कुठे जमतंय..."

ताईंनी माझ्याकडून पेन घेतलं आणि कागदावर खाली साहेबांचं नाव लिहिलं.

"आठव्या दिवशी निघा," त्या म्हणाल्या. "मी आहे."