हॉर्नबद्दलचा खुलासा

माणिकपूरला राहणारे माझे मेहुणे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, "भावोजी मस्कतला लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. गाडी मागे घेता येईना." हे असत्य आहे. मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळा गाडी मागे घेण्यात वीतभरही चूक नव्हती. नडला तो हॉर्न.

आमच्या वटारच्या वाड्यांमधल्या वाटा अरुंद. दोन्हीकडे कुंपण आणि पुढे काटकोनात वळण. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी खाकरावे, तसा तिथे वळणावर हॉर्न द्यावा लागतो. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी गेलो, तो हा शिष्टाचार अंगठ्यात घेऊनच. परीक्षेत प्रत्येक वळणावर मी हॉर्न दिला. शेजारच्या पोलीस अधिकाऱ्याने गाडी थांबवायला लावून विचारले, "किसपे गुस्सा है?" कोणावरही नाही, म्हणालो. त्याने कागदावर फुली मारली. दुसऱ्या खेपेस पाच वळणे निभावली. सहाव्याला अंगठा माझ्या आधी पोहोचला.

तिसरी संधी शेवटची होती. परवाना नसलेल्या सुपरवायझरला कंपनी परत पाठवत असे. तो महिनाभर जेवताना, बसमध्ये, अंथरुणातसुद्धा मी अंगठा मुठीत दाबून धरला. तिथले रस्ते रुंद आणि मुके. त्या मुकेपणाने मला झोप लागेनाशी झाली. पण मी पास झालो.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो, तेव्हा मेहुण्यांची मारुती मी वटारच्या वाटेवर घातली. मेहुणे शेजारी होते.

"हॉर्न द्या, भावोजी."

"सावकाश चालवणाऱ्याला लागत नाही."

"मग तिकडे शिकलात काय? मुकं राहायला?"

पुढच्याच वळणावर शेजारची म्हातारी काकू डोक्यावर भाजीची पाटी घेऊन समोर आली. ब्रेक लागला, तोवर ती दचकून कुंपणावर कलंडली होती. वांगी वाटभर पसरली, तिचा घोटा सोलवटला. ती बसल्या बसल्याच म्हणाली, "अरे, खाकरायचंस तरी. कोन येतंय ते कसं कळनार?"

भावोजी परदेशात हॉर्न विसरले, असे मेहुणे या प्रसंगावरून सांगतात. हेही असत्य आहे. कुंपणावरून पुढे सरकणारी पाटीची कड मला आधीच दिसली होती. अंगठा हॉर्नवर गेला होता. मी तो उचलून घेतला, कारण मेहुणे माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी हे सांगायलाच काकूच्या अंगणात गेलो आणि बाहेर उभा राहून खाकरलो.

"ये, आज आवाज आला तुझा," ती आतून म्हणाली. घोट्याला हळद लावून बसली होती. मी चहा घेतला, पायाची चौकशी केली आणि न सांगताच परतलो. ती आता नाही. वळणावर हॉर्न वाजला, की ओटीवर बसल्या जागी माझा अंगठा अजून मुठीत जातो.